खंडेनवमीचं वायफाय

घरासाठी जो राबतो त्याला कुंकू लागलंच पाहिजे, असं कासाबाईचं म्हणणं. मग तो बैल असो, विहिरीवरची मोटर असो, नाहीतर सुनेच्या माहेराहून आलेला मिक्सर असो. बोरी गावाच्या पुढे डांबरी सोडून आत वळलं की मेंढरंवाल्यांची एक वस्ती लागते. तिथल्या कासाबाईच्या घरात नुसती नजर फिरवली तरी कोण किती कामाचं ते कळतं. मिक्सरवर कुंकवाचा ठिपका आहे, शिलाई मशिनीवर आहे, फवारणीच्या पंपावर आहे. टीव्हीवर नाही. टीव्ही नुसता बसून खातो, असं तिचं मत. एकदा तिनं विजेच्या मीटरलाही भरपूर कुंकू लावलं, आणि आकडे टिपायला आलेल्या माणसाला आधी काच पुसून घ्यावी लागली. तो कुरकुरला, तर बाईनं त्याला चहा पाजला, मीटरला नमस्कार करायला लावला आणि मगच जाऊ दिलं.

बाई मोठी जबर. सोनपेठकडची लेक, लग्न होऊन आली ती थेट मेंढरांच्या मागं. नवरा उमाजी अबोल माणूस. तो पुढं कळप घेऊन चालायचा आणि ही मागं घोड्यावर संसार लादून. आज या रानात पाल ठोकायचं, चार दिवसांनी उपटायचं, पुढच्या शिवारात पुन्हा ठोकायचं. शिवशंकर, तिचा एकुलता एक, अशाच एका पालात जन्मला. ते गाव कुठलं यावर नवरा-बायकोचं अजून एकमत नाही. पुढं मेंढरं कमी केली, थोडी जमीन घेतली, वस्तीवर विटांचं घर बांधलं. घराचा उंबरा बसवला त्या दिवशी कासाबाई त्यावर हात ठेवून म्हणाली होती, "आता न्हाई उठायचं बरं का हितून." उमाजी मान हलवून "न्हाई" म्हणाला. त्या वर्षात त्यानं काढलेला तोच मोठ्यातला मोठा शब्द.

कासाबाईचा आवाज असा, की तिनं अंगणातून हाक मारली तर ओढ्यापलीकडची शेळी मान वर करते. आणि स्वभाव असा, की चूक म्हणून ती कधी करतच नाही. कालवणात मीठ जास्त पडलं तर औंदा मीठच खारट आलेलं असतं. भाकरी करपली तर चूल आगाऊ. घरातल्यांना हे पाठ होतं आणि कुणाची तक्रार नव्हती, कारण उपाशी माणसाला तिच्या दारातून तसं जाता यायचं नाही आणि रडणारं लेकरू तिच्या मांडीवर दोन मिनिटांत हसायला लागायचं.

अशा या घरावर उन्हाळ्यात मळभ आलं. शिवशंकरला पुण्याच्या मित्राचा फोन आला, की गाडी चालवायचं काम आहे, खोलीही मिळेल, बायको-पोरीला घेऊन ये. शिवशंकरनं रात्री जेवताना विषय काढला. उमाजीनं नेहमीप्रमाणं ऐकून घेतलं. कासाबाई "जावा की, कोण अडवायलंय" म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली. बाहेर गोठ्याजवळ जाऊन ती कितीतरी वेळ उगाच एका शेळीचं दावं सोडून बांधत बसली. जिचं अर्धं आयुष्य पाल उपटण्यात गेलं, तिला पुन्हा घर उठताना बघायचं नव्हतं. नात भक्ती तीन वर्षांची. ती पुण्याच्या खोलीत वाढणार आणि आपण दिवाळीला तिची वाट बघणार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तोड काढली ती सुनेनं, दीपिकानं. दीपिका बी. कॉम. झालेली, बोलायला गोड आणि मनानं खंबीर. तिलाही पुण्याला जायची हौस नव्हती. तिनं मोबाईलवर शोधून शोधून एका कंपनीचं घरबसल्या काम हुडकलं. वेगवेगळ्या दवाखान्यांत येऊ घातलेल्या माणसांशी फोनवर बोलायचं आणि त्यांना डॉक्टरची वेळ लावून द्यायची. पहिल्या दोन चाचण्या तिनं गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, डोक्यावर छत्री धरून पार पाडल्या, कारण वस्तीवर मोबाईलची रेंज फक्त तिथंच उभी राहायची, आणि तीही मनात आलं तर. शेवटच्या परीक्षेची अट मात्र कडक होती. घरात पक्की लाईन पाहिजे, तासभर खऱ्या लोकांशी बोलायचं आणि आवाज एकदाही तुटता कामा नये. पास झाली तर नोकरी, आणि नोकरी लागली तर पुणं रद्द. शिवशंकरनं तसं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं.

हे कळल्याबरोबर कासाबाईनं वायफाय आपल्या हातात घेतलं. बोरीतून घरोघर नेटच्या लाईनी टाकणारा योगीराज नावाचा पोरगा होता, तो खांबाखांबावरून वायर ओढत वस्तीपर्यंत आला तेव्हा बाई शेवटच्या खांबापाशी तांब्या घेऊन हजर.

"ह्या वायरीतून करंट येत न्हाई, मावशी," योगीराजनं समजावलं. "आत केसाएवढी काच हाय. त्या काचंतून उजेड येतो. त्या उजेडावरच सगळं चालतंय."

"उजेडावर?" कासाबाईचे डोळे मोठे झाले. "म्हंजी दिवाच म्हन की!"

"तसंच समजा."

झालं. त्या क्षणापासून राउटरची पत तिच्या मनात पार देव्हाऱ्यापर्यंत गेली. डबा कुठं बसवायचा यावर दोघांचं भांडण झालं. ती म्हणे देवाशेजारी कोनाड्यात, तो म्हणे घराच्या मधोमध, उंचावर, लोखंडापासून लांब. शेवटी मधल्या खोलीच्या दारावर फळी ठोकली. दिवे लागले, मोबाईल जोडले गेले, पण दीपिकाच्या खोलीत नेट काही पोचेना. योगीराज मोबाईल हातात धरून खोलीभर फिरला आणि मधल्या भिंतीला लागून ओळीनं उभ्या असलेल्या ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्यांपाशी येऊन थांबला. त्या कोठ्या उजेडाच्या नाही, पण नेटच्या वाटेत उभ्या होत्या. पत्रा नेटला पुढं जाऊ देत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. त्या कोठ्यांना बारा वर्षांत कुणाची हात लावायची टाप नव्हती. कासाबाईनं पदर खोचला, बाप-लेकाला कामाला लावलं आणि सांज व्हायच्या आत कोठ्या पडवीत नेल्या. दीपिकाच्या मोबाईलवर चित्र न अडकता हललं तेव्हा भक्तीच्या आधी आजीनंच टाळ्या वाजवल्या.

परीक्षा दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी होती. त्यामुळं खंडेनवमीला घरात निवांतपणा होता. या दिवशी ज्या ज्या हत्याराच्या जिवावर घर चालतं त्याची पूजा करायची आणि त्याला सुट्टी द्यायची. मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. कासाबाईनं सकाळीच काळी घोंगडी अंथरली. त्यावर लोकर कातरायची कात्री, विळे, कुऱ्हाड, कुदळ आणि पंप मांडला. मग ती स्टुलावर चढली.

"आत्या, काय करायलात?" दीपिकानं पुरण वाटता वाटता विचारलं.

"याला बी सुट्टी नको का? महिना झाला, रात्रंदिवस डोळं मिचकावायलंय बिचारं."

दीपिकाला हसू आलं. "बरं, पण पाणी शिंपडू नका त्याच्यावर."

"मी काय येडी हाय का?"

नव्हतीच ती वेडी. बाकी सगळ्यांवर तिनं पानानं पाणी शिंपडलं, राउटरवर थेंबही पडू दिला नाही. त्याच्या सगळ्या वायरी हळुवार उपसल्या, डबा फडक्यानं पुसला, घोंगडीवर कात्रीच्या शेजारी बसवला, कोरडं हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजेत कुणाला डावी वागणूक मिळू नये म्हणून वायरींनाही एकेक बोट लावलं. सगळ्यांनी नमस्कार केला. भक्तीनं राउटरला दोनदा केला.

दीपिका कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिथं मोबाईलला रेंज लागली. मेसेज आला होता. ती जिना उतरली ती पळतच.

"आत्या, परीक्षा आजच घ्यायलेत! सुट्ट्यांमुळं पुढची तारीख मोडली म्हने. एक वाजता. जमत नसंल तर दुसऱ्या कुनाला घेनार."

सगळ्यांचे डोळे घोंगडीकडे वळले. शिवशंकर एक पाऊल पुढं झाला आणि आईकडे बघून थांबला. मांडलेली पूजा हलवायची नाही, हा नियम या घरात त्याच बाईनं आणला होता आणि एकदा पूजेतल्या विळ्यानं कांदा कापला म्हणून त्याच शिवशंकरला तिनं दिवसभर धारेवर धरलं होतं. उमाजी खाकरला. कासाबाई घोंगडीपुढं उभी राहिली, कमरेवर हात.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "तारंच्या कुंपनात कोकरू आडकलं होतं नवमीला, तवा मामंजींनी पूजेतली कात्री उचलली होती का न्हाई?"

"उचलली होती."

"देव कोपला का?"

"न्हाई. कोकरू वाचलं."

"मग?" ती खाली बसली, राउटरला हात जोडले आणि म्हणाली, "उठ बाबा. तुझी रजा मंजूर न्हाई."

फळीवर डबा चढला, वायरी बसल्या, बटण दाबलं. दिवे एकेक करत हिरवे झाले, फक्त एक लाल पेटला आणि लुकलुकतच राहिला. नेट नाही. दीपिकानं बंद करून पुन्हा चालू केलं. लाल. वायर काढून घट्ट बसवली. लाल. शिवशंकरनं डब्यावर दोन चापट्या मारल्या, तर आईनं त्याला एक मारली.

योगीराजला फोन लावायला शिवशंकर गच्चीवर टाकीशेजारी चढला. योगीराज सेलूला सासुरवाडीत, आणि त्याचं वायर जोडायचं मशीन बोरीत, तेही पूजेत. आता काय ते फोनवरच. तो तिकडून बोलायचा, शिवशंकर वरून ओरडायचा, उमाजी अंगणात उभा राहून ते दारापर्यंत पोचवायचा आणि दारातून दीपिका राउटरकडे धावायची. अबोल उमाजीच्या तोंडून त्या दिवशी जेवढे शब्द गेले तेवढे वस्तीनं त्याच्या लग्नातही ऐकले नव्हते.

"तो म्हनायलाय, वायर कुटं मुडपली का बघा!"

मुडपली नव्हती.

"भाईर झाडाची फांदी पडली का लाईनीवर?"

वस्तीची पोरं खांबापर्यंत जाऊन बघून आली. काही नव्हतं.

"मग लाईन पुढं कुटंतरी तुटली म्हनायलाय. लाल लाईट म्हंजी उजेड पोचंना डब्यापस्तोर. उद्या येतो म्हनतोय!"

दीपिका उंबऱ्यावर बसली. रडली नाही ती, पण हातातलं हेडफोन तिनं अशा रीतीनं मांडीवर ठेवलं की कासाबाईच्या काळजात कळ उठली. गच्चीवरून शिवशंकरचा आवाज आला. तो आता कुणाला उद्देशून ओरडत नव्हता, स्वतःशीच बोलत होता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "जाऊ दे. पुण्यालाच जायचं लिहिलंय नशिबात."

कासाबाईच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट अडकली होती. उजेड पोचत नाही. केसाएवढी काच. काचेतून उजेड. तिनं खांबावरून डब्यात आलेल्या पिवळ्या वायरीकडे पाहिलं. वायरी उपसल्या तेव्हा तिनं प्रत्येकीला बोट लावलं होतं, आणि या पिवळीला तर अगदी तोंडावर, ठासून, कारण दिवा असतो तिथंच कुंकू लावायचं असतं. विजेच्या मीटरची काच तिच्या डोळ्यांपुढं आली.

बोलायचं नाही म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. लाईन तुटली असंच सगळे धरून चालले होते. उद्या योगीराज आला असता, त्यानं बघितलं असतं, तेव्हाचं तेव्हा. कासाबाईनं सुनेकडे पाहिलं. भक्ती आईच्या मांडीवरचं हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावत होती. मग बाई अंगणात आली, गच्चीकडे तोंड केलं आणि ओढ्यापलीकडच्या शेळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "शिवशंकर! त्याला सांग, वायरीच्या तोंडाला मी कुंकू लावलंय! चूक झाली माझी!"

वस्ती थांबली. शेजारची कस्तुराबाई हातातलं सूप घेऊन तशीच दारात आली. उमाजी बायकोकडे बघत राहिला, आणि मग त्याला हसू फुटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलेला शब्द होता तो. वर शिवशंकर मोबाईल कानाला लावून वाकला होता. हसून हसून त्याला उभं राहता येत नव्हतं.

"काय म्हनतोय?" कासाबाई कडाडली.

"हसायलाय!"

"हसून झालं की काय करायचं ते इचार म्हनावं!"

योगीराजनं सांगितलं ते सोपं होतं. वायरीच्या तोंडात डोळा घालून बघायचं नाही. कापसाला जरासं स्पिरिट लावून टोक हलक्या हातानं पुसायचं आणि कोरडं होऊ द्यायचं. स्पिरिट कुठून आणायचं हा प्रश्न या घरात पडणारच नव्हता. मेंढरांना सुई टोचायची म्हणून उमाजीच्या दवाईच्या पेटीत बाटली भरलेलीच असायची. दीपिकानं टोक पुसलं, कापूस गुलाबी झाला. पुन्हा पुसलं, फुंकर मारू नका असं वरून ओरडून आलं, मग वायर बसवली.

लाल.

"आत!" कासाबाईच म्हणाली. "मघाशी कुंकवासगट ठासली की आपन ती. डब्याच्या भोकात गेलं आसंल."

हे वरून सेलूपर्यंत जाऊन परत आलं. बरोबर आहे, म्हणाला योगीराज. डब्याची विजेची वायर आधी काढा, उदबत्तीच्या बारीक काडीला कापूस गुंडाळा, स्पिरिट नावाला लावा आणि एकदाच फिरवा. काडी कासाबाईनं स्वतः गुंडाळली. लोकर कातणाऱ्या बोटांनी कापूस असा बसला की धागा सुटेना. फिरवणं मात्र तिनं सुनेकडे दिलं. माझा हात आता भरवशाचा नाही म्हणाली. वायरी बसल्या. लाल दिवा एकदा लुकलुकला, दोनदा लुकलुकला आणि हिरवा झाला.

आनंद करायलाही वेळ नव्हता. दीपिका खोलीत गेली, दार लागलं. आवाज नको म्हणून उमाजीनं सुट्टीच्या दिवशी शेळ्या-मेंढ्या हाकलल्या आणि ओढ्याकडे घेऊन गेला. कासाबाई ओसरीत काठी घेऊन बसली. कस्तुराबाई कुंकवाची चौकशी करायला आलीच. तिला तोंडावर बोट ठेवून शेजारी बसवलं. मग आणखी दोघी आल्या, त्यांनाही बसवलं. बघता बघता ओसरी भरली. पूर्वी कुणाच्या घरी एवढ्या बायका एवढ्या गप्प बसल्याचं वस्तीत कुणाला आठवत नाही. भक्ती आजीच्या मांडीवर झोपून गेली. दाराआडून दीपिकाचा आवाज येत होता, गोड, सलग, न अडकणारा. नमस्कार, आपलं नाव सांगता का. हो काका, सकाळची वेळ आहे. न्हाई म्हणायच्या जागी ती नाही म्हणत होती, आणि कासाबाईला त्याचं मोठं कौतुक वाटत होतं.

दार उघडलं तेव्हा दीपिकाच्या कपाळावर घाम होता. सगळ्या बायकांनी माना वर केल्या.

"लागली," ती म्हणाली. "एक तारखेपासून."

ओसरीतून असा गलका उठला की भक्ती दचकून उठली आणि गच्चीवरून शिवशंकर दोन-दोन पायऱ्या उतरत आला. बायकांनी दीपिकाला घेरलं. कासाबाई जागची हलली नाही. तिच्या मांडीवर नात होती आणि डोळ्यांत पाणी, आणि दोन्ही सोडून उठणं तिला जमेना.

"आजून काय इचारलं त्यांनी?" तिनं विचारलं.

दीपिका तिच्याजवळ येऊन बसली. "शेवटी पत्ता इचारला, आत्या. कॉम्प्युटर पाठवायचाय म्हने. ही जागा तात्पुरती हाय का कायमची, आसं इचारलं."

"मग? तू काय म्हनलीस?"

"कायमची म्हनलं."

कासाबाईनं पदरानं डोळे पुसले. ओढ्याकडून उमाजी मेंढरं घेऊन परत येताना दिसला. "थांब," ती सुनेचा हात धरून म्हणाली, "त्यांना येऊ दे. त्यांच्यापुढं म्हन एकदा."